ठिबकमधील पांढरा थर: आम्लप्रक्रियेत आम्ल किती घ्यावे?

रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात किंवा शिरपूरकडच्या कपाशीत बोअरच्या जड पाण्यावर ठिबक चालवत असाल, तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी, खरखरीत खपली दिसू लागते. ‘क्षार बसले’ असे आपण म्हणतो. या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. नळी तापते, थेंब सुकतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी उरते. ती पाण्यात जवळपास विरघळत नाही, आम्लात मात्र विरघळते.

आधी खात्री करा. खपलीवर लिंबाचा रस टाका. फसफसले तर चुनखडीच. थर बुळबुळीत असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणू. त्यावर आम्ल नव्हे, क्लोरीन प्रक्रिया लागते. माती निघाली तर फिल्टर तपासा.

जड पाण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल बरे. चुनखडीशी संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होते आणि हा क्षार पाण्याबरोबर सहज वाहून जातो. सल्फ्युरिक आम्लाने जिप्सम तयार होते, ते कमी विरघळते. एक थर काढताना दुसरा कशाला बसवायचा?

मात्रा कशी ठरवावी

शेजाऱ्याची मात्रा तुमच्या पाण्याला चालेलच असे नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत त्याच बोअरचे १० लिटर पाणी घ्या. प्लॅस्टिकच्या सिरिंजने १-१ मिली आम्ल टाका, ढवळा, सामू पाहा. सुरुवातीला सामू फारसा हलत नाही, कारण पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकते. ते संपले की सामू एकदम घसरतो. म्हणून ६ च्या खाली आल्यावर थेंबाथेंबाने टाका आणि ४ ला थांबा. सामू ३ म्हणजे ४ च्या दहापट आम्लता. साधा लिटमस कागद फक्त आम्ल की अल्क एवढेच सांगतो. आकडा दाखवणारा सामू कागद किंवा मीटर घ्या.

समजा ८ मिली लागले. संचात ४ लिटर प्रतितासाचे ५,००० ड्रिपर असतील तर तासाला २०,००० लिटर, १५ मिनिटांत ५,००० लिटर पाणी जाते. म्हणजे ४ लिटर आम्ल. ते लोखंडी फिल्टरच्या पुढे व्हेंच्युरीतून सोडा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू ४ दिसला की पंप बंद करून संच २४ तास तसाच ठेवा. नंतर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

यामुळे जमिनीचा सामू उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. ४ लिटर आम्ल जेमतेम २ किलो चुनखडी विरघळवते. जमिनीत ५ टक्के मुक्त चुनखडी असेल, तर एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातच ती सुमारे ४० टन भरते.

हे चुकवू नका

आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीही नाही. उष्णतेने ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करा, मधे संच पूर्ण धुवा आणि दोन्हींसाठी एकच बादली वापरू नका.