दिनविशेष, 10 मार्च : 344 मिश्रऔषधांवर बंदी
2016 मध्ये आजच्या तारखेला केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26अ खाली 344 मिश्रऔषधांवर बंदी घातली. एकाच गोळीत वा बाटलीत दोन-तीन औषधे ठराविक प्रमाणात कोंबलेली ही उत्पादने. ‘कोरेक्स’, ‘व्हिक्स अ‍ॅक्शन 500 एक्स्ट्रा’ ही त्यांतली घरोघरची नावे. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीत खाडा पडू नये म्हणून अंगावर ताप काढणाऱ्या कामगाराला डॉक्टरपेक्षा मेडिकलवाला जवळचा. त्यामुळे या बंदीचा वाद दिल्लीतल्या फायलींपुरता नव्हताच.

शिफारस होती बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीची. कंपन्या कोर्टात गेल्या. 1 डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. औषधे सुरक्षित ठरली म्हणून नव्हे, तर सरकारने औषध तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारलेच नव्हते म्हणून. घाई नडली, दुसरे काय! पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण याच मंडळाकडे सोपवले. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने तपासणी केली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली.

शेजारच्या पिंपरीला मार्च महिना औषधांशीच जोडलेल्या आणखी एका कारणाने ठाऊक आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली ‘एचए’, 1954 च्या मार्चमध्येच स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले.