इंदुरी खताची कुळकथा

माळव्यात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. चिवट आणि लाकडासारखी, लवकर न कुजणारी. जाळण्याखेरीज तिचा फारसा उपयोग नसे. शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात, त्यामुळे खतालाही शेण पुरत नसे. जगभरच्या बागांमध्ये आज जी खतपद्धत ‘इंदूर’ या नावानं ओळखली जाते, ती या टंचाईतून जन्मली.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसाला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथले शेतकरी औषधांवाचून पिकं निरोगी राखतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांनाच गुरू मानलं. १९२४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल यांनी होळकर संस्थानाच्या जमिनीवर इंदुरात संशोधन संस्था उभारली. चिनी शेतकरी काडीकचऱ्याचं खत कसं करतात हे एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून त्यांना कळलं होतं. त्याला इंदुरात माळव्यातल्या गोठ्याची जोड मिळाली.

पऱ्हाटी आधी रस्त्यावर पसरायची. बैलगाड्यांची चाकं ती चेचून देत. मग दोनेक फूट खोल खड्ड्यात थर लावायचे: काडीकचरा, गोमूत्र मुरलेली गोठ्याची माती, राख, वर शेणकाला. मला यातली गोठ्याची माती सर्वांत मोलाची वाटते. एरवी जमिनीत जिरून जाणारं नत्र तिच्यामुळे खतात येतं. राख आंबटपणा मारते. शेणकाल्यातून जिवाणू येतात, त्यामुळे थोडं शेणही पुष्कळ कचऱ्याला पुरतं. पाणी मारत तीनदा खालीवर केलं की आत हवा खेळते आणि तीन महिन्यांत खत तयार होतं.

या पद्धतीवरचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी गॅब्रिएल गेल्या होत्या. पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. संस्थेत रसायनाचं काम वाड बघत. पण आज हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे जनक म्हणणारे वाडांचा उल्लेख क्वचितच करतात. मराठी बागकामाच्या पुस्तकांनी तरी तो आवर्जून करायला हवा.

पुढे ही पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांत गेली. बंगळुरात सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी तिची वेगळी तऱ्हा बसवली. त्यात खड्डा चिखलानं लिंपून टाकतात, खालीवर करायचे कष्ट वाचतात, पण खताला जास्त महिने लागतात. गच्चीवरच्या ड्रमला मात्र इंदुरी रीतच बरी, कारण हवा मिळाली की वास धरत नाही.