औषधविमा, निवृत्तांचा

औषधविमा, निवृत्तांचा : नोकरीतून निवृत्त झालेल्या व्यक्तीच्या रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर, डोळ्यांचे थेंब यांचा खर्च उचलणारी व्यवस्था. अमेरिकेत हा विमा स्वतंत्रपणे घेता येतो. भारतात केवळ औषधांची अशी पॉलिसी रूढ नाही. निवृत्ताला औषध केवढ्याला पडणार, हे येथे त्याच्या आजारावरून कमी आणि त्याने नोकरी कोणाकडे केली यावरून जास्त ठरते. ठाण्याच्या माजिवड्यात हा फरक एकाच जिन्यावर दिसू शकतो. गावठाणातली जुनी कुटुंबे, पोखरण रस्ता आणि वागळे इस्टेटच्या कारखान्यांतले निवृत्त कामगार आणि टॉवरांत मुलांकडे राहायला आलेले पेन्शनर असा हा मिश्र परिसर आहे. 

सर्वांत भक्कम संरक्षण केंद्र सरकारच्या निवृत्तांना आहे. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली केंद्र सरकार आरोग्य योजना (सीजीएचएस) मुंबईतही चालते आणि तिच्या केंद्रांतून जुनाट आजारांची औषधे मिळतात. योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आणि बाह्यरुग्ण सुविधा न घेणाऱ्या पेन्शनरला जुलै २०१७ पासून दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. मध्य रेल्वेच्या निवृत्तांना एकरकमी वर्गणीवर रेल्वेची आरोग्य योजना आहे. कल्याणचे रेल्वे रुग्णालय ठाणे-डोंबिवलीकरांना ठाऊक असते. बँकांच्या निवृत्तांसाठीच्या सामूहिक पॉलिसीत घरी घ्यायच्या औषधांसह आणि त्याविना असे दोन पर्याय असतात. पहिल्याचा हप्ता जड, म्हणून अनेक जण दुसराच घेतात.

कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट वेगळी. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार व औषधे मिळतात. इतका स्वस्त औषधविमा देशात दुसरा नसावा, आणि तरीही तो घ्यायचा राहून गेलेली माणसे थोडी नाहीत. मेख वेतनमर्यादेत आहे. २०१७ पासून ती २१,००० रुपये आहे. शेवटच्या वर्षांत पगार तिच्यावर गेला की कामगार योजनेबाहेर पडतो आणि निवृत्तीनंतरचा हक्कही हुकतो. २०२४ मध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ही अट काहीशी सैल केली. ज्यांच्या हाती फक्त कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे (ईपीएस-९५) निवृत्तिवेतन येते, ज्याची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपयेच आहे, त्यांच्यासाठी हे १२० रुपये फार मोलाचे ठरतात.

बाकीच्यांचा भरवसा मेडिक्लेम या आरोग्यविम्यावर. ही पॉलिसी १९८६ साली आली ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी. औषधे मिळतात ती दाखल असताना आणि सहसा आधीच्या ३० व नंतरच्या ६० दिवसांत, तीही त्याच आजाराची. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. ‘ओपीडी’ची (बाह्यरुग्ण उपचारांची) जोड देणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेत, पण त्यांची वार्षिक मर्यादा आणि वाढीव हप्ता शेजारी मांडून पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तीलाही नवी पॉलिसी घेता येते. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोहोंतून एक निवडावे लागते. कार्डावरची औषधे घरी परतल्यावर १५ दिवसांपुरतीच. या योजनेचा जितका गाजावाजा झाला, तितका या मर्यादेचा झाला नाही.

म्हणून माजिवड्यातला विमा नसलेला निवृत्त दोन वाटांनी जातो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय त्यात येते, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचे असल्याने त्या निर्णयात नाही. दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत तेच औषध बऱ्याचदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे.

सुरुवातीला उल्लेखलेला अमेरिकेतला औषधविमा म्हणजे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा ‘पार्ट डी’; तो १ जानेवारी २००६ पासून आहे. २०२५ मध्ये रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली. मुलांकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर विकत घेण्यासाठी सहसा पाच वर्षे सलग वास्तव्य लागते. तोवर ठाण्याहून नेलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाच आधार.

भारतात साठीपुढच्या ज्या व्यक्तीचा आरोग्यविमा नाही, तिच्या औषधांच्या बिलांवर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मुलांनी पैसे भरले तर मुलांनाही. मात्र बिल रोखीने भरलेले असेल तर ही वजावट मिळत नाही.