संशोधनातली चोरी: टक्का कळतो, कारण कसं कळणार?

पीएचडीचा प्रबंध आधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. यूजीसीचे २०१८ चे नियम आपल्या सोलापूर विद्यापीठालाही लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. म्हणजे एखाद्याची कित्येक वर्षांची मेहनत या आकड्यावर टांगलेली असते.

पण आकडा सांगतो काय? मजकूर किती जुळतो, एवढंच. मुद्दाम ढापलं, की संदर्भ कसा द्यायचा हे कुणी शिकवलंच नाही, हे त्यात दिसत नाही. आणि घरी बसून रचलेला खोटा डेटा तर आरामात पास होतो.

मोबाइलवर तुम्ही गाडी कुठे आहे ते बघता ना? होटगी जंक्शनला येणारी गाडी ४० मिनिटं लेट आहे, हे अ‍ॅप सांगतं. पण सिग्नल बिघडला की क्रॉसिंगला थांबली, हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. संशोधनातल्या लबाडीचंही तसंच आहे. तिथे कारणाबद्दलच्या नीट मांडलेल्या आणि तपासता येणाऱ्या विचाराला सिद्धांत, म्हणजे थिअरी म्हणतात.

अशा तीन थिअरी गुन्ह्यांच्या अभ्यासातून आल्या:

१. फायदा-तोटा (गॅरी बेकर, १९६८): माणूस फायदा आणि पकडलं जाण्याची भीती तोलतो. मग तपासणी वाढली की लबाडी कमी व्हावी.

२. ताण (रॉबर्ट मर्टन, १९३८): ध्येय सगळ्यांना एकच, पण सरळ मार्ग सगळ्यांकडे नाही. मग जिथे पेपर छापायची सक्ती आहे, पण लॅब नाही, वेळ नाही, तिथे लबाडी जास्त सापडावी.

३. संगत (एडविन सदरलँड): नियम मोडणं आपण सोबतच्यांकडून शिकतो. मग काही ठरावीक गटांतच ती पुन्हा पुन्हा दिसावी.

आता एक खरा बदल बघा. २०२२ च्या नियमांत यूजीसीने पीएचडीआधी जर्नलमध्ये पेपर छापायची सक्ती काढली. पहिल्या दोन थिअरींप्रमाणे खोटे पेपर कमी व्हायला हवेत. तिसरी म्हणेल, गटाची सवय लगेच जात नाही. कोण बरोबर, हे डेटा सांगेल. पण कुठला डेटा गोळा करायचा, हे थिअरी सांगते.

म्हणून पुढच्या वेळी 'एवढे टक्के कॉपी' अशी बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी विचारा: मोजलं काय, आणि कारण कुठलं धरलं?