साक्ष आणि जखम : मुक्तिसदनातील श्रद्धेची भाषा

'साक्ष' हा मराठी शब्द दोन ठिकाणी वावरतो : न्यायालयात आणि ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात. न्यायालयातील साक्ष घडलेल्या गोष्टीचा पुरावा असते. प्रार्थनामंदिरातील साक्ष म्हणजे घडून गेल्यानंतर देवाने आपले काय केले याचे कथन. बालवयात लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीला एकोणिसाव्या शतकात यांपैकी कोणत्या ठिकाणी बोलता येत होते, आणि जिथे बोलता आले तिथे त्या बोलण्याची कोणती किंमत तिला मोजावी लागली, हा प्रश्न समाजसुधारणेच्या इतिहासाइतकाच वाङ्मयप्रकाराच्या इतिहासाचाही आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे कार्य आणि लेखन या प्रश्नाच्या केंद्रस्थानी येते.

न्यायालयाची मर्यादा १८९० च्या फुलमणी दासी खटल्यात उघड झाली. कलकत्त्यातील ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी प्रौढ नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे झालेल्या जखमांनी मरण पावली. तिच्या वतीने तिची आई व घरातील स्त्रिया बोलल्या. ती स्वतः बोलू शकत नव्हती. दंडसंहितेनुसार पत्नी दहा वर्षांखालील असेल तरच पतीचे कृत्य बलात्कार ठरत होते. परिणामी आरोपीला केवळ निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढे १८९१ च्या कायद्याने ही वयोमर्यादा बारा केली आणि त्यावरून महाराष्ट्रात प्रचंड वादंग माजला. लोकमान्य टिळकांसारख्यांचा विरोध परकी सरकारच्या हस्तक्षेपाला होता, सुधारकांचा भर शास्त्रार्थावर आणि वैद्यकीय मतांवर होता. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात मुलीचे शरीर हा विषय होता. मुलगी ही वक्ती नव्हती.

'बाल लैंगिक अत्याचार' ही आजची संज्ञा त्या काळाच्या चर्चाविश्वात नव्हती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तो अनुभव बालविवाह, वैधव्य, व्यभिचार, भ्रूणहत्या अशा अन्य नावांखाली विखुरलेला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येणाऱ्या विधवांच्या गर्भारपणाच्या मुळाशी अनेकदा घरातल्याच पुरुषाची जबरदस्ती असे. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) मध्ये दोषाचे माप स्त्रीच्याच पदरात टाकणाऱ्या समाजाला जाब विचारला. म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न मराठीत विचारला गेला होता. परंतु दोष आपला नाही हे कळूनही जी जखम उरते, तिचे काय करायचे, या प्रश्नासाठी भाषा घडायची होती.

रमाबाईंना ही भाषा ख्रिस्ती धर्मात दिसली. हा शोध त्यांना तत्त्वचर्चेतून लागला नाही, एका संस्थेच्या दर्शनातून लागला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीसंघाकडे गेल्या. त्या संघाने लंडनच्या फुलहॅम भागात चालविलेल्या गृहात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा चाललेली त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांना पुन्हा माणसात आणण्याचा प्रयत्न आपण आयुष्यात प्रथमच पाहिला, असे त्यांनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ही कृपा कोठून येते असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीचा भूतकाळ येशूला ठाऊक असतो, तरीही तो तिच्याशी बोलत राहतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे. तो पुढे आठेक वर्षांनी गवसला, हा भेद त्यांनी स्वतःच केला आहे. श्रद्धेने बरे होणे ही एका क्षणाची घटना नसते याची ही कबुली म्हणता येईल.

१८८९ मध्ये मुंबईत चौपाटीवर सुरू झालेले शारदासदन पुढे पुण्याला गेले आणि शतक संपता संपता केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेल्या, पोरक्या मुलींच्या मागावर त्यांना पळविणारे व त्यांचा व्यापार करणारे लोक फिरत असल्याचे त्यांनी १८९७ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्या दुष्काळात व १९०० च्या दुष्काळात त्यांनी आणलेल्या मुली आणि स्त्रिया मिळून मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. लैंगिक शोषणाला बळी पडलेल्यांसाठी 'कृपासदन' हा वेगळा विभाग होता.

मुक्तिसदनाचा दिनक्रम पाहिला तर तेथे उपचार हा शब्द न उच्चारता उपचार चालू होता असे दिसते. अन्न, कुंपणाच्या आतील निर्भय झोप, अक्षरओळख, शेत, विणकाम, छापखाना, या सर्वांनी शरीर पुन्हा आपले होत होते. दुसऱ्याने वापरलेले हात आता खिळे जुळवीत होते, सूत काढीत होते. ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि जगाशी पुन्हा नाते. केडगावी पहिला आणि तिसरा टप्पा भक्कम होता. अडचण मधल्या टप्प्याची होती, आणि ती भाषेची अडचण होती.

१९०५ मध्ये मुक्तिसदनात धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या, अंगाचा दाह होत असल्याचे सांगू लागल्या. मिनी अब्रॅम्स यांच्या १९०६ च्या पुस्तिकेमुळे हे वृत्त दूरदूरच्या देशांत पोहोचले. या अश्रूंत दुष्काळ, वियोग, मारहाण आणि न सांगता येणारे बरेच काही वाहून गेले असेल. परंतु त्या साक्षीचा रूपबंध आधीच ठरलेला होता : मी पापी होते, मला क्षमा झाली, मी नवी झाले. ज्या मुलीवर पाप केले गेले तिलाही 'मी पापी' याच दाराने कथनात प्रवेश मिळत होता. आक्रोशाला जागा मिळाली, आरोपाला मिळाली नाही. शिवाय हे आवाज आज बहुधा मिशनरी इंग्रजीच्या गाळणीतूनच ऐकू येतात. 'कृपासदन' या नावातही हाच ताण आहे. कृपा अपराध्यावर होते. जखमीला कृपेपूर्वी न्याय हवा असतो.

तरीही हा दोष श्रद्धेच्या मूळ भाषेचाच आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. नव्या करारातील 'सोझो' या ग्रीक क्रियापदाचा अर्थ तारणे असा आहे, तसाच बरे करणे असाही. मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव सोसलेल्या स्त्रीच्या कथेत हेच क्रियापद येते. तेथे तिच्या पापाचा उल्लेखही नाही. आणि ती सर्वांसमोर आपले 'सर्व सत्य' सांगते तेव्हा घाईत असलेला येशू थांबून ऐकतो. मराठीत अनुवाद करताना तारण आणि आरोग्य वेगळे पडतात, आणि त्या फटीत जखमेचे पाप होऊन बसते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचा रमाबाईंनी घेतलेला ध्यास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. भाषा बदलल्याखेरीज मुक्तिसदनातील बाईला मुक्तीचा अर्थ लागणार नाही, ही त्यामागील जाणीव होती.

बायबलमध्ये आरोपाचा स्वरही आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तामार सावत्र भावाला आधी युक्तिवादाने अडवते आणि अत्याचारानंतर डोक्यावर राख घालून रस्त्याने आक्रोश करीत जाते. सख्खा भाऊ तिला गप्प बसवतो. दावीद राजा संतापतो, पण काही करीत नाही. फिलिस ट्रिबल यांनी 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' (१९८४) मध्ये या कथेचे वाचन तामारच्या बाजूने केले. मरी फॉर्च्यून यांनी १९८३ च्या ग्रंथात, पाप करणाऱ्याचे असते, सोसणारीचे नव्हे, ही साधी गोष्ट चर्चला सांगितली. लहानपणी शेजाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या रिबेका पार्कर यांनी रिटा नाकाशिमा ब्रॉक यांच्यासह लिहिलेल्या 'प्रॉव्हर्ब्ज ऑफ अ‍ॅशेस' (२००१) मध्ये पुढचा प्रश्न विचारला : निमूट सोसणे हेच प्रेम, असे क्रूसाकडे बोट दाखवून शिकविले तर मुलाने कोणाकडे धाव घ्यावी? येथे साक्षीचा रूपबंध उलटला. 'मला क्षमा झाली' याच्या जागी 'माझ्यावर हे केले गेले' हे वाक्य आले, आणि ते श्रद्धेच्या आतूनच आले.

आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा २००९ चा आणि ऑस्ट्रेलियातील आयोगाचा २०१७ चा अहवाल वाचल्यावर या उलटीची निकड पटते. धर्मसंस्थांच्याच छत्राखाली मुलांवर अत्याचार झाले आणि आज्ञापालनाच्या शिकवणीने ते झाकले गेले. येथे रमाबाईंच्या चरित्रातील एक धागा महत्त्वाचा ठरतो. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात (प्रकाशन १९७७) वारंवार एकच संघर्ष दिसतो : आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करण्यास त्या नकार देतात. हा नकार त्या काळी अहंकार मानला गेला. प्रत्यक्षात, दुसऱ्याच्या सत्तेने मोडलेल्या माणसाला सत्तेपुढे पुन्हा वाकायला लावून बरे करता येत नाही, हे सत्य त्यात दडलेले होते.

मुक्तिसदनाने मुलींना घर दिले, काम दिले, रडण्याची मुभा दिली. त्यांच्या जखमेचे खरे नाव मात्र दिले नाही. ते नाव देण्याइतकी त्या काळाची कोणतीच भाषा, सनातन्यांची, सुधारकांची किंवा कायद्याची, तयार नव्हती. पंधरा ते अठरा वर्षे वयाच्या पत्नीशी पतीने ठेवलेला शरीरसंबंध बलात्कार ठरण्यासाठी भारतात २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. फुलमणीच्या खटल्यानंतर तोवर एकशे सत्तावीस वर्षे लोटली होती. श्रद्धा बरे करते की नाही, याचे उत्तर म्हणूनच श्रद्धेच्या तीव्रतेत शोधून चालणार नाही. ती जखमी मुलीला कोणते वाक्य उच्चारू देते आणि ते वाक्य ऐकायला कोण थांबते, यावर ते अवलंबून आहे.