शर्ली टेंपल : पडद्यानंतर

१७. लेखकाने येथे शर्ली टेंपल (१९२८–२०१४) यांचा उल्लेख निव्वळ ‘बालतारका’ असा करून त्यांना तिथेच सोडून दिले आहे. ते अपुरे वाटते. १९५० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी चित्रपट सोडले आणि चार्ल्स ब्लॅक यांच्याशी लग्न केले. लहानपणच्या सुमारे ३२ लाख डॉलरच्या कमाईतले जेमतेम ४४,००० हाती लागले, बाकीचे घरच्यांनीच संपवले होते. तरी १९८८ च्या आत्मचरित्रात त्यांनी याचा त्रागा केलेला नाही. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेची निवडणूक त्या हरल्या. १९७२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाबद्दल त्या उघडपणे बोलल्या. तेव्हा हा शब्द बायका कुजबुजतही उच्चारत नसत. पुढे घानात राजदूत (१९७४–७६). सर्वांत नाट्यमय योगायोग मात्र प्रागचा : ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले तेव्हा त्या तिथेच एका हॉटेलात होत्या, १९८९ मध्ये त्याच शहरात अमेरिकेच्या राजदूत म्हणून रुजू झाल्या आणि काही महिन्यांतच तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळताना त्यांनी पाहिली. – संपा.