लेनिनग्राड बीजसंग्रह

पिकांच्या बियाण्यांचा व कंदांचा रशियातील एक आद्य व प्रचंड संग्रह. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाव्हिलॉव्ह (१८८७–१९४३) यांनी अनेक देशांत मोहिमा काढून तो वाढविला. रोग, थंडी व अवर्षण यांना तोंड देण्याचे गुण पिकांच्या रानटी सगोत्रांत व शेतकऱ्यांनी जपलेल्या स्थानिक वाणांत आढळतात. नव्या वाणांच्या पैदाशीचे ते भांडवल होय, अशी त्यांची धारणा होती. लिसेंकोचे प्रस्थ वाढल्यावर १९४० मध्ये त्यांना अटक झाली.

१९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला (आताचे सेंट पीटर्झबर्ग) वेढा घातला. तो १९४४ पर्यंत टिकला. बटाट्याचे कंद गोठू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांनी मिळेल ते जाळून खोल्या उबदार राखल्या. उंदरांपासून बियाणे सांभाळले. एखाद्या वाणाचे अखेरचे बी खाल्ले गेले, तर तो वाण कायमचा नष्ट होणार, हे ते जाणत होते. भाततज्ञ दिमित्री इव्हानॉव्ह तांदळाच्या असंख्य पुड्या हाताशी असताना भुकेने वारले. भुईमुगाचे अभ्यासक श्चूकिन यांचा अंतही तसाच झाला. दैवदुर्विलास असा, की व्हाव्हिलॉव्हही १९४३ मध्ये सराटव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावले. १९५५ मध्ये त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. १९६७ पासून संस्थेस त्यांचे नाव आहे.